फॅन आहे, चालू दे

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुकानात कॅमेरा आला! चंदा स्वतः आली होती. मोबाइलवर गावच्या बातम्यांचं चॅनल चालवते ती, अर्धी अमरावती तिला ओळखते. तिला कोणीतरी सांगितलं म्हणे, राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत एक बाई आहे, ती कॉम्प्युटर उघडत नाही, नुसता कान लावते आणि काय बिघडलं ते सांगते.

"ताई, पाच मिनटं फक्त. तुमी रोज करता थेच करा."

रोज करते तेच! रोज माझ्या अंगावर मळका अॅप्रन असतो आणि केसांत मशीनची धूळ. आज मोतिया साडी नेसून गेले. आमचे धर्मेंद्र एसटीच्या डेपोत निघाले होते, डबा घेताना साडीकडे बघून हसले.

दुरुस्तीला आलेल्या तीन मशीन मांडून ठेवल्या होत्या. पहिली चालू केली की थांबून थांबून लांब शिट्टी मारते. मी म्हटलं, रॅम. काढली, खोडरबरानं घासली, बसवली, सुरू! दुसरीत बारीक चीं, डासासारखी, मशीनवर काम वाढलं की वाढणारी. पॉवर सप्लाय. तिसरी नुसती घरघर. फॅनचं बेअरिंग वाळलेलं. चंदा दर वेळी "ओ हो!" करत होती. बरं वाटलं. फारच बरं वाटलं. सत्तावीस वर्षं झाली या कामात. पॉलिटेक्निकमधून निघाले तेव्हा पहिल्या मालकानं विचारलं होतं, स्क्रू-ड्रायव्हर धरता येते का वं पोरी? आज माझ्या तोंडासमोर माइक!

कॅमेरा चालू असतानाच फोन वाजला. आरतीचा. भातकुलीची मुलगी, अकोल्याला कृषी विद्यापीठात पीएच.डी. करते आहे, तुरीच्या मर रोगावर. तिचं मशीन मीच जोडून दिलं होतं, सहा वर्षं झाली. चंदानं हातानं खूण केली, स्पीकरवर घ्या! घेतला.

"ताई, कालपासून आवाज येऊन राहिला. ऐकवू का?"

तिनं फोन मशीनजवळ धरला. तडतड, तडतड, तडतड. मी कॅमेऱ्याकडे बघत बोट वर केलं.

"फॅन आहे, आरती. आतली वायर पात्यांना लागते. सरकवून दे. चालू दे."

"नक्की ना ताई? सारं याच्यातच हाय माहं."

"फॅन आहे. चालू दे."

चंदानं टाळी वाजवली. पाच सेकंद, ताई! पाच सेकंदांत!


५ फेब्रुवारी, बुधवार

चाळीस हजार लोकांनी पाहिलं. चाळीस हजार! दूधवाला म्हणाला, "शालूताई, तुमी तं फेमस झाल्या." बाबांचा अकोल्याहून फोन. त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, पण बोलतात मात्र. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं काढली, कान तिथेच राहिले. शेजारच्या पोरीनं त्यांना रील दाखवली, आवाजाशिवायच. साऱ्या अकोट फैलात सांगत फिरताहेत, "माही पोरगी कानानं पायते."


६ फेब्रुवारी

गिऱ्हाईक उठू देत नाही. जेवले चार वाजता.


८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर आरती. मांडीवर शालीत गुंडाळलेलं मशीन, लहान मूल घेऊन बसावं तसं. पहिल्या गाडीनं आली होती.

"ताई, चालूच होईना."

आत घेतलं, टेबलावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं.

टक्. टक्. टक्. थांबलं. मोटर बसत गेल्याचा तो उतरता आवाज. पुन्हा फिरली. टक्. टक्.

मला कान लावावा लागला नाही. हा आवाज नवशिक्यालाही कळतो. हार्ड डिस्कमधली वाचणारी सुई जागा शोधत असते आणि तिला ती सापडत नाही. असा आवाज आला की एकच करायचं, मशीन ताबडतोब बंद. एक मिनिटसुद्धा चालवायचं नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल!

लगेच बंद केलं. विचारलं, "हा टक् कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासूनच असन. तुमी सांगतलं तसं वायर सरकवली, तडतड थांबली. मग हा ऐकू येऊ लागला. बारीक. मले वाटलं फॅनचंच राहिलं असन काही. तुमी चालू दे म्हणल्या, म्हणून मग…"

चार दिवस चालवलं तिनं. रोज चौदा-चौदा तास. प्रबंध एकोणतीस मार्चच्या आत द्यायचा आहे, म्हणून दिवसरात्र बसली होती.

"ताई, म्हणजे तेव्हाच…? तेव्हा तं फॅन होता ना?"

ती माझ्याकडे बघत होती. आरोप नव्हता तिच्या नजरेत. नुसती विचारत होती.

"फॅनच होता," मी म्हटलं. "हे नंतर झालं. डिस्क अशीच जाते, अचानक. कोणाच्या हातात नसते."

तिनं मान हलवली. ताई म्हणते म्हणजे तसंच.

तिला चहा पाजला. पोहे मागवले, तिनं दोन घास खाल्ले. दोन वर्षांचं सगळं त्या डिस्कमध्ये आहे. त्याआधीचं एका पेन ड्राइव्हवर. दुसरी प्रत का नाही ठेवलीस, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणत्या तोंडानं विचारू?


९ फेब्रुवारी

बोलले नाही धर्मेंद्रजवळ.


१२ फेब्रुवारी, बुधवार

डिस्क पुण्याला पाठवली, कुरियरनं, स्पंजात गुंडाळून. तिथं एक लॅब आहे, धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. आरतीला म्हटलं, निघेल बहुतेक. ती म्हणाली, "तुमी म्हणता तं निघनच."

असं नको म्हणत जाऊ गं.

रील आता दोन लाखांवर. आज खाली एक नवी कॉमेंट दिसली, नागपूरच्या कोणाची तरी. "मॅडम, फोनवाली आवाज़ में हार्ड डिस्क भी है. ध्यान से सुनो." बस इतकंच. त्याच्याखाली दहा-बारा जण त्यालाच हसलेत. तू जास्त हुशार का, बाईनं सत्तावीस वर्षं काढली यात, वगैरे.

माझी बाजू घेताहेत लोक. मी दिवसभर तीच कॉमेंट उघडून बघत होते.


१५ फेब्रुवारी, शनिवार

चंदाला फोन केला. म्हटलं, ती नागपूरवाल्याची कॉमेंट काढता येते का? उगाच लोक भांडतात खाली.

"अवं ताई, एवढंच ना! जळणारे असतेच. काढली पहा."

दोन मिनिटांत गेली. मग म्हणाली, "त्या अकोल्याच्या पोरीचं काय झालं वो? झाला का ठीक तिचा कॉम्प्युटर? दुसरा भाग करू. तिलेही बोलवू."

"झाला ठीक," मी म्हटलं. "पण ती अभ्यासात आहे. नको."

फोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले कोण जाणे. हाताला काही लागलेलं नव्हतं.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबचा फोन आला. नाही निघत.

तो मुलगा सरळ बोलला. "मॅडम, सुई प्लेटवर घासत राहिली आहे. गोल चरे पडलेत. ही आवाज यायला लागल्यावरसुद्धा चार-पाच दिवस चालवलेली दिसते. पहिल्याच दिवशी बंद केली असती तर जवळपास सगळं मिळालं असतं."

लिहून घेतलं. का लिहून घेतलं? विसरणार होते का मी?

आरतीला सांगितलं. पहिलं वाक्य सांगितलं. शेवटचं नाही.

ती म्हणाली, "ताई, तानुबाईचे फोटो बी गेले मंग."

तानुबाई म्हणजे तिच्यासोबत प्लॉटमध्ये रोपं मोजायची ती मजूर बाई. पाच हंगाम मोजली. कोणतं झाड दोन दिवसांत मरणार ते ती आधी सांगायची म्हणे, शेंड्याकडे बघून. जानेवारीत गेली. मुलानं आरतीजवळ फोटो मागितला होता, भिंतीवर लावायला. त्यांच्या घरी तिचा एकही फोटो नाही. आरती म्हणाली होती, प्रबंध झाला की छान मोठा काढून देते.


२२ फेब्रुवारी

आकडे वह्यांमध्ये आहेत! आज विचारलं तिला. शेतात बसून पेन्सिलीनं लिहिलेल्या अकरा वह्या. सगळं पुन्हा टाइप करायचं, पुन्हा गणितं लावायची, पुन्हा तक्ते करायचे. तिचे सर म्हणाले, फोटो नसतील तर नसतील, आकडे पूर्ण आण. पण वेळ किती आहे? पाच आठवडे. एप्रिलमध्ये कृषी विज्ञान केंद्राच्या जागेची मुलाखत आहे, तिथं प्रबंध दिल्याचा कागद लागतो. दोन वर्षांनी निघाली आहे जागा.

मी म्हटलं, मी येते. दर रविवारी. मला टाइपिंग जमतं. माझा जुना लॅपटॉपही आणते, तो ठेव तू.

"कशाले ताई? तुमचं दुकान…"

"येते म्हटलं ना."

लगेच गहिवरली. मला फोन ठेवायचा होता फक्त.


२३ फेब्रुवारी, रविवार — अकोला

बडनेऱ्याहून सकाळची गाडी. विद्यापीठाच्या मागे तिची खोली, एका खिडकीची. ती वाचते, मी टाइप करते.

"ओळ सात, प्लॉट तीन. रोपं चाळीस. मेलेली नऊ. ओळ आठ, प्लॉट तीन. रोपं अडतीस. मेलेली चार…"

वह्यांवर काळी माती अजून आहे. बोटाला लागते. एका पानावर फवारणीचं पाणी पडून आकडे पसरलेत, ती भिंगातून बघत होती. सहा की आठ? मग डोळे मिटून म्हणाली, "आठ. त्या दिवशी तानुबाईनं शिवी घातली होती रोगाले, आठ घेतले म्हणून." आणि हसली. पहिल्यांदाच हसली इतक्या दिवसांत. मी खाली बघून टाइप करत राहिले.

एक वही झाली, दुसरी अर्धी. संध्याकाळी अर्धा तास बाबांकडे. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तीन शेजारी बोलावून ठेवले होते मला बघायला. "थेच ही!" म्हणाले.


२ मार्च, रविवार

साडेतीन वह्या. पाठ गेली. पाठ दुखली की बरं वाटतं. काहीतरी फिटतं आहे असं वाटतं. काही फिटत नाही हेही कळतं.


४ मार्च, मंगळवार

आज धर्मेंद्रनी मला पकडलं. म्हणजे त्यांना माहीत नाही पकडलं ते.

जेवायला घरी आले होते. डेपोतल्या पोरांनी त्यांना रील पाठवली, त्यांनी आजवर नीट पाहिलीच नव्हती. ताटासमोर मोबाइल उभा करून लावली. माझ्या रॅमच्या वेळी हसले, "वा!" म्हणाले. मग आरतीचा फोन आला रीलमध्ये. घास हातात थांबला. पुन्हा मागे नेलं. मोबाइल कानाला लावला.

"शालू, हे दोन आवाज हायेत."

"फॅन आहे तो."

"एक तडतड. थे फॅनचं असन. पन खालून एक टक् येऊन राहिला. थांबून थांबून. ऐक."

त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. एसटीच्या इंजिनांखाली आयुष्य गेलेला माणूस. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही.

मी ऐकलं. मग म्हटलं, "मले नाही येत."

"नाही येत?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. ताट बाजूला सारलं. "कधीपासून असं? काहून नाही सांगतलं मले? तुह्या बाबाचंही असंच सुरू झालं असन. आजपासून एवढ्या मशीनपाशी बसायचं नाही." मग मऊ होऊन म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे नेतो तुले. मी सुट्टी टाकतो."

आणि मी? मी रडले. त्यांना वाटलं कानासाठी.

खरंच आलं नव्हतं का ऐकू? लिहिताना हात अडतो आहे. मोबाइलचा आवाज फुटका, ताटांचा खडखडाट, बाहेर गाड्या. नसेलच आलं. बाबांचं रक्त आहे. शेचाळिसावं सुरू आहे. कान गेला असेल तर मग सगळ्याचा उलगडा होतो! मग तो गर्व नाही, घाई नाही, कॅमेरा नाही. मग तो आजार. आजाराला कोणी दोष देत नाही.


५ मार्च

दिवसभर हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं.


६ मार्च, गुरुवार

एका मशीनचा फॅन घरघरत होता, गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हटलं, उघडून बघावं लागेल, आता कान पूर्वीसारखा नाही. तो म्हणाला, अरेरे ताई! मला ते आवडलं. ते "अरेरे" आवडलं मला.


९ मार्च, रविवार — अकोला

सात वह्या झाल्या.

आज आरतीला सांगितलं, माझा कान कमी झाला आहे असं वाटतं. तपासणी आहे सत्तावीसला. का सांगितलं? पुढचं सांगायची वाट करून ठेवत होते बहुतेक. कान गेला होता म्हणून तो आवाज निसटला गं, असं कधीतरी म्हणता यावं. म्हणजे कबूलही केल्यासारखं आणि न केल्यासारखंही.

ती वही मिटून उठली, माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, तरी बी तुमी माह्यासाठी येऊन राहिल्या एवढ्या दूर. कान तपासायचा सोडून." तिनं माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. बळेच. तिच्या आईनं भातकुलीहून पाठवलेलं. मला उठून पळावंसं वाटलं आणि डोकं तिच्या हातात तसंच राहिलं.

जाताना तुरीची डाळ बांधून दिली. तिच्याच प्लॉटमधली. न मेलेल्या झाडांची, म्हणाली.


१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुकान बंद. धर्मेंद्र रंगून आले, माझ्या गालाला बोट लावलं. हळूच विचारलं, "आता मी बोललो थे आलं का ऐकू?" आलं, म्हटलं. इतकी काळजी घेतात की मोठ्यानं बोलायला लागलेत घरात. कुकरची शिट्टी झाली की मला येऊन सांगतात.

विचार आला, यांना सांगून टाकू. तोंडापर्यंत आलं. मग शेजारच्या बाया आल्या.


१६ मार्च, रविवार — अकोला

नऊ. उरलेल्या दोन आरती आठवड्यात करणार. गणितं सुरू केली तिनं. एक आकडा जुळला तर ती खिडकीशी जाऊन उभी राहते, दोन मिनिटं. मग पुन्हा बसते.

तानुबाईचा मुलगा आला होता खोलीवर. दारातच उभा राहिला, आत येईना. फोटो नाही म्हटल्यावर म्हणाला, "जाऊ द्या ताई. मशीनचं काय, बंद पडतेच." आरतीनं माझ्याकडे हात करून सांगितलं, या ताईंनी लय प्रयत्न केले बापा. त्यानं मला हात जोडले.

मी पण जोडले.


२०

झोप नाही धड. दुकानात दोन वेळा चुकीचा स्क्रू लावला.


२३ मार्च, रविवार — अकोला

झालं! अकरा वह्या, सगळे तक्ते, सगळी गणितं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आरतीनं शेवटचा तक्ता लावला आणि जमिनीवर आडवी झाली. फॅनकडे बघत म्हणाली, "ताई, माह्या घरच्यांनी एवढं नसतं केलं."

आम्ही दोघी बाहेर जाऊन कचोरी खाल्ली. तिनं दोन खाल्ल्या. तिला तशी पोटभर खाताना बघितलं आणि मनात म्हटलं, झालं की. निस्तरलं की आपण. फोटो सोडले तर काय गेलं? आता कशाला बोलायचं? तिची परीक्षा, तिची मुलाखत, तिच्या डोक्याला कशाला ताप?

गाडीत हाच हिशोब केला. मूर्तिजापूर येईपर्यंत पटला होता. बडनेऱ्याला उतरले तेव्हा पुन्हा पटत नव्हता.


२५ मार्च, मंगळवार

आरतीनं प्रबंधाचं एक पान पाठवलं. ऋणनिर्देश. सर, आई-वडील, तानुबाई, आणि मग —

"अमरावतीच्या शालूताई यांनी माझी मेहनत वाया जाऊ दिली नाही. त्यांच्या कानांवर मी कायम डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि तो खरा ठरला."

खाली विचारलंय, "बराबर हाय ना ताई? गुरुवारी रात्री छापायले देतो."

अर्धा तास मोबाइल हातात होता. हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरं काही सुचलं नाही. खोटं आहे हे. सुचलं होतं. लिहिलंही होतं. पुसलं.

परवा कान तपासायचे आहेत. देवाला मानत नाही आम्ही, पण मी दिवसभर मनातल्या मनात कोणाला तरी म्हणते आहे, गेलेला निघू दे. थोडा तरी. एक कान तरी.


२७ मार्च, गुरुवार — गाडीत

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. बारीक, आणखी बारीक, त्याहून बारीक. मी सगळे दाबले. न दाबताही राहता आलं असतं. पण बोट आपोआप दाबत गेलं.

डॉक्टर बाईंनी कागद फिरवून दाखवला. "दोन्ही कान उत्तम. वरच्या पट्टीत तर तुम्हाला तिशीतल्या मुलीसारखं ऐकू येतं. कमी येतं असं कोण म्हणालं तुम्हाला?"

बाहेर धर्मेंद्र बाकावर. "काय म्हणे?"

"चांगले हायेत. दोन्ही."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, हसले. मग माझ्याकडे बघत राहिले. हसणं हळूहळू गेलं. मीच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर, सगळं. ते म्हणाले, "स्टेशनवर सोडतो."

आरतीला फोन केला. "छापायला दिलं का?"

"नाही ताई, रात्री देतो. काहून?"

"माझं नाव काढ त्यातून. मला तो टक् तेव्हाच ऐकू आला होता, आरती. मी लक्ष दिलं नाही. येऊन राहिली मी, समोर बसून सांगते."

फोन तिनं ठेवला नव्हता. तिचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता.